न कापलेली रेघ

८ फेब्रुवारी

ठिणगी,

आशीर्वाद लिहिण्याचा हक्क अजून आहे की नाही ते कळत नाही, म्हणून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात थोडी जागा सोडली आहे. आहे असं तुला वाटलं, तर तो तिथे लिहिला आहे असं समज.

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. नोकरी सोडलीस, घाटापलीकडे स्वतःचं फिरतं दुरुस्तीचं काम काढते आहेस, आणि मग ती शेवटची ओळ: "आईची गाडी द्याल का? द्यायची नसेल तर तेवढं कळवा, पुन्हा विचारणार नाही."

देतो. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा चार पानं भटकेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. आई गेली त्या आठवड्यात मी किल्ली मुठीत धरून बसलो होतो आणि तू दारातून निघून गेलीस. ती मूठ आता सुटली आहे.

पण गाडी चालत नाही. इंजिन उघडलं तर वरच्या झाकणाला, हेडला तडा, दोन व्हॉल्व्हच्या मधोमध, केसासारखा बारीक. खालचं सगळं ठीक आहे. खालचं माझं काम होतं, ते ठीक असणारच. आपल्या गॅरेजची वाटणी तुला आठवत असेल: मधल्या गॅस्केटच्या खाली, ब्लॉकवर मी, गॅस्केटच्या वर, हेडवर तुझी आई. घरातही तसंच होतं म्हणा.

हेड बिडाचं आहे, ओतीव लोखंडाचं. बिडाला वेल्डिंग करून घाटात पाठवायची माझी छाती होत नाही. कंपनीने ते बनवणं कधीच बंद केलं. म्हणजे राहिली बाहेरच्या बनावटीची. स्पेअरवाल्याकडे जाऊन आलो. तोच तो, काउंटरमागे स्टुलावर बसून पाय हलवणारा. आता केस पांढरे झालेत, पाय अजून हलतो. त्याच्याकडे दोन प्रकार आहेत. एक बिडाचं, सगळ्यात स्वस्त, पण नुसतं ओतलेलं. व्हॉल्व्हचे गाइड बसवून घ्या, व्हॉल्व्ह टेकतात त्या सीटा कापून घ्या, तळ घासून सपाट करून घ्या. एवढं केलं की स्वस्तपणा सगळा लेथवर बसलेल्या खरादवाल्याच्या खिशात जातो. दुसरं ॲल्युमिनियमचं, तयार, व्हॉल्व्हसकट. किंमत जवळजवळ दुप्पट, पण हलकं आणि लवकर थंड होणारं. फक्त ते तापलं की खालच्या बिडापेक्षा जास्त पसरतं, म्हणजे गॅस्केटही भारीतलं हवं, आणि चढावर पाणी कमी पडलं तर वाकायची भीती.

"काका, गाडी चालवायचीय की नटवायचीय?" त्याने विचारलं.

"मुलीला द्यायचीय."

"मग महागातलं घ्या."

"ती महागातल्यावर विश्वास ठेवणारी नाही," मी म्हणालो. तो हसला. त्याने तुला लहानपणी नटबोल्टांच्या खोक्यात बसवून तोललं होतं, ते त्याच्या लक्षात आहे.

बिडाचं घ्यावं असा विचार आहे. वरची कामं मी घरीच करीन. तुझ्या आईची हत्यारं तेलाच्या फडक्यात तशीच गुंडाळून ठेवलेली आहेत.

तुझ्या छोटीला या आजोबाबद्दल काय सांगितलं आहेस ते विचारत नाही.

— बाबा


२१ फेब्रुवारी

ठिणगी,

हेड आलं. लाकडी खोकं, वर पत्र्याच्या पट्ट्या, आत मेणकागद. नवीन बिडाचा वास तुला आवडायचा. शाळेत आम्हाला एक कविता होती, पावसाआधी लोहाराच्या भट्टीपाशी थांबलेल्या वाटसरूची. मास्तर ती म्हणताना डोळे मिटत. ते खोकं उघडलं आणि मलाही डोळे मिटावेसे वाटले.

गाइड बसवले, सीटा कापून आणल्या, आणि मग व्हॉल्व्ह घासायला घेतले. ते काम मी जन्मात नीट केलेलं नाही. तुझी आई काठीच्या टोकाची रबरी वाटी जिभेने ओली करायची, व्हॉल्व्हला चिकटवायची, आणि दोन्ही तळहातांत काठी घुसळत बसायची. वाटी जिभेला लावू नको, तिला घासायची पेस्ट लागलेली असते, म्हणून मी रोज ओरडायचो आणि ती रोज लावायची. मी पलीकडे ब्लॉकवर वाकलेला असायचो आणि तोंडाने शाळेतल्या कविता चालू. भुजंगप्रयातात तिचा हात फार सुरेख चालायचा. एक चरण संपला की ती व्हॉल्व्ह उचलायची, जरा फिरवून पुन्हा टेकवायची. मध्येच मी वृत्त बदललं की म्हणायची, "कविराज, चाल बदलू नका, माझा हात चुकतो."

आता मुद्द्याचं. तिची पेन्सिलची खूण तुला माहीत आहे. सीटवर पेन्सिलीने आडव्या रेघा मारायच्या, व्हॉल्व्ह टेकवून किंचित फिरवायचा आणि उचलून बघायचं. प्रत्येक रेघ मध्ये कापली गेली असेल तर व्हॉल्व्ह सगळीकडून बसला. एखादी अखंड राहिली तर तिथे फट आहे. सगळे मेकॅनिक असंच करतात, पण तिच्या रेघा वेगळ्या. सगळे चाकाच्या आऱ्यांसारख्या सारख्या अंतरावर मारतात. ती दोन आखूड, जवळजवळ, आणि शेजारी एक लांब. "दोन आपण आणि एक पोरगी," म्हणायची. आणि घरचा नियम तर तूच मला एकदा तोंडावर फेकला होतास: न कापलेली रेघ दिसली की पुढच्याने इंजिन बंद करायचं नाही, म्हणजे हेड चढवून आवळायचं नाही, मग गिऱ्हाईक दारात बोंबलत का असेना.

मी पहिल्या सिलिंडरच्या सीटा घासल्या, दुसऱ्याच्या घासल्या. तिसऱ्याकडे वळलो तर एक्झॉस्टच्या सीटवर रेघा आधीच होत्या. दोन आखूड, एक लांब.

मी मारल्या नव्हत्या. मी आऱ्यांसारख्याच मारतो.

असेल, खरादवाल्याने तपासलं असेल, म्हणून व्हॉल्व्ह टेकवला आणि फिरवला. चांगला दाब देऊन फिरवला. उचलला, तर रेघा जशाच्या तशा. शिसाचा एक कण हलला नाही. व्हॉल्व्हवरही डाग नाही. शेवटी अंगठ्याने पुसल्या. पुसल्या गेल्या. दुपारी जेवून आलो तर पुन्हा होत्या.

हे हेड परत करतो आहे. सदोष माल म्हणून.

— बाबा


९ मार्च

ठिणगी,

तुझं कार्ड मिळालं. "बाबा, हेड बदलत बसू नका, खालचं कोणी पाहिलं का?" असं लिहिलं आहेस.

खालचं मी पाहिलं. ब्लॉक मी स्वतः बोअर केला आहे, आतून छिलून गोल केला आहे, दर सिलिंडर तीन ठिकाणी मोजला आहे, आरशासारखा आहे. तू आईकडून शिकलीस म्हणून वरच्या कामात मी तुझ्यापुढे बोलणार नाही, पण खालचं राहू दे.

ॲल्युमिनियमचं घेतलं. पैशांचं बोलत नाही. माझ्या गरजा कमी आहेत. या वेळी मी हुशारी केली. स्पेअरवाल्याला म्हटलं, खोकं इथेच उघड, माझ्या डोळ्यांसमोर.

"काका, आत साप आहे का?"

"उघड."

त्याने पट्ट्या कापल्या, मेणकागद काढला, हेड उलटं करून काउंटरवर ठेवलं. पांढरंशुभ्र, चंदेरी. मी चष्मा लावून वाकलो. तो हसत होता, मग माझं तोंड बघून थांबला. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या सीटवर दोन आखूड, एक लांब.

"पेन्सिल आहे की," तो म्हणाला. "कारखान्यात तपासत असतील." मग जरा वेळाने, पाय न हलवता, म्हणाला, "काकू अशाच मारायच्या ना?"

मी हेड त्याच्याकडे सरकवलं. त्याने पैसे परत दिले आणि ते खोकं मागच्या खोलीत न नेता बाहेर फुटपाथवर ठेवलं.

घरी परतताना शेजारची शिंपीण दारात उभी होती. तिचं मशीन आपल्या शेडच्या भिंतीला लागून आहे, तुला माहीत आहे. म्हणाली, "काका, दुपारी जरा हळू घासा ना हो. त्या तालावर माझं पाऊल चालायला लागतं आणि शिवण वाकडी जाते."

"कधी?"

"आत्ता. तासभर चालू होतं. मध्ये थांबतं, टक असा आवाज येतो, परत सुरू."

मी तासभर स्पेअरवाल्याकडे होतो, ठिणगी. शेडला कुलूप होतं. उघडून बघितलं. काठी खुंटीवर, फडक्यात. रबरी वाटी वाळून तडकलेली. बाकावर तिची पेन्सिल, तीच लाल-काळी, मागचं टोक चावलेली. मी ती कधी हलवली नव्हती. पण माझ्या आठवणीत ती जरा लांब होती.

तुला घाबरवायला लिहीत नाही. सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून लिहितो.

— बाबा


२ एप्रिल

ठिणगी,

तू पाठवलेलं हेड मिळालं. बिडाचं, पण दुसऱ्या बनावटीचं, गाइड-सीटा बसवून आलेलं, तळ घासलेला. स्वस्तही नाही आणि महागही नाही, नेमकं हवं तसं. हे मला का सुचलं नाही? नुसत्या किमतीकडे बघत बसलो, त्यावरचं काम मोजलंच नाही. तुझ्या आईने असंच निवडलं असतं. खोक्यावर तुझ्या हातचे खिळे होते, एक वाकडा.

सोबतचं तुझं कार्डही वाचलं. "पेन्सिल कोणाच्या हातात असते ते आधी बघा."

रागावलो नाही. म्हाताऱ्या माणसाबद्दल हा संशय येणं रास्त आहे. मलाही आला होता. मी दुपारचा डुलक्या घेतो, कधी कधी जागा होतो तेव्हा शेडच्या दारात उभा असतो. म्हणून खोकं यायच्या आधीच मी पेन्सिल पत्र्याच्या डब्यात घातली, डब्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि शिंपिणीकडे दिला.

"यात काय आहे काका, दागिने?"

"पेन्सिल आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, डबा घेतला आणि कापडांच्या गठ्ठ्याखाली ठेवला. भली बाई आहे. वेड्याशी कसं वागावं ते तिला कळतं.

तुझं खोकं मी तिच्याच समोर उघडलं, तिच्याच कात्रीने. वाकडा खिळा तिनेच उपसला. हेड मी बघितलंही नाही, म्हटलं तूच सांग, या चौथ्या-तिसऱ्या-दुसऱ्या-पहिल्या भोकांमध्ये कुठे काही दिसतं का. ती बोट फिरवत गेली. "इथं रेघोट्या आहेत," म्हणाली. "दोन बारक्या, एक मोठी. लेकरानं मारल्यासारख्या."

मग तिने आपणहून गठ्ठ्याखालून डबा काढला. चिकटपट्टी तशीच, मीच गुंडाळलेली. आतली पेन्सिल बोटाच्या पेराएवढी उरली होती, आणि टोक ताजं तासलेलं. डब्यात तासल्याचा कपटा मात्र एकही नव्हता.

"मी उघडला नाही हो काका," ती म्हणाली. मी म्हटलं, ठाऊक आहे.

हे हेड परत करणार नाही. ते तू निवडलेलं आहे. खरादवाल्याकडे नेऊन पाण्यात बुडवून हवेचा दाब दिला, एक बुडबुडा नाही. तळाला पट्टी लावली, उजेड दिसत नाही. मोजता येतं ते सगळं बरोबर आहे. रेघ मोजता येत नाही.

तू या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी येणार म्हणतेस, छोटीला घेऊन, आणि गाडी घेऊनच परत जाणार. आता मागचं सगळं बाजूला ठेवून मला एवढंच दिसतं: गाडी तयार नसेल तर तू म्हणशील, मूठ परत बंद झाली. म्हणून मी हेड आवळून इंजिन बंद करतो आहे.

— बाबा


१७ एप्रिल

ठिणगी,

छोटीला ताप आला म्हणून येणं एक आठवडा पुढे गेलं, हे बरंच झालं. का ते लिहितो.

इंजिन चालू झालं. किल्ली दुसऱ्यांदा फिरवल्यावर. चारही सिलिंडरचा दाब सारखा, पाणी हवं तेवढंच गरम होऊन तिथेच थांबतं, धूर नाही. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला, तर पाणी नुसतं थरथरत होतं, सांडत नव्हतं. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. स्पेअरवाला मुद्दाम आला होता. म्हणाला, "काका, आता घ्या की एक कविता." मी सुरू केलं. भुजंगप्रयात, दुसरं काही येत नाही. अर्ध्या कडव्यात माझ्या लक्षात आलं की इंजिनमध्ये काहीतरी माझ्याबरोबर चाललं आहे.

लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक पहिल्या सिलिंडरपाशी टेकवलं आणि त्याची मूठ कानाला लावली. व्हॉल्व्हची टकटक, ठीक. दुसरा ठीक, चौथा ठीक. मग तिसरा. तिथे टकटक नव्हती. तिथे कोणीतरी काठी घुसळत होतं. खर्र, खर्र, खर्र, चरण संपला, टक, जरा फिरवून पुन्हा.

किल्ली बंद केली. इंजिन थांबलं. पंखा थांबला. स्पेअरवाला काहीतरी बोलत होता, त्याला हाताने गप्प केलं. स्क्रूड्रायव्हर कानालाच होता. घुसळणं चालू होतं. मी कविता जिथे सोडली होती तिथून ते कडव्याच्या शेवटपर्यंत गेलं आणि मग थांबलं.

मी मूठ स्पेअरवाल्याच्या कानाला लावली. त्याला काही ऐकू आलं नाही. तोवर संपलं होतं. पण तो निरोप न घेता गेला.

सगळी मापं म्हणतात, दे. मला ती न कापलेली रेघ दिसली होती आणि तरी मी हेड आवळून इंजिन बंद केलं. तुझ्या आईच्या हयातीत असं एकदाही केलं नव्हतं.

तुझा प्रश्न आठवतो. "खालचं कोणी पाहिलं का?"

— बाबा


१९ एप्रिल

ठिणगी,

येऊ नकोस. गाडी देणार नाही.

हे पान फाडून फेकू नकोस, पुढचं वाच. काल हेड पुन्हा उतरवलं. उलटं न करता ते ब्लॉकवर नुसतं धरलं, इंचभर वर, आणि खालून आरशात बघितलं. आजवर मी ते नेहमी बाकावर उलटं करून बघत होतो. जागेवर धरल्यावर दिसलं की त्या रेघा व्हॉल्व्हला काही सांगतच नाहीत. त्यांची टोकं सीटच्या बाहेर, खाली रोखलेली आहेत. बरोबर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर, जिच्यामागून थंड ठेवणारं पाणी फिरतं त्या बाजूला.

ती वरचं काम करायची. तिच्याकडे बोलायला पेन्सिल होती आणि रेघ मारायला सीट होती, दुसरं काय असणार? आणि या घराला सवय अशी की पेन्सिल दिसली की हेडलाच दोष द्यायचा. दोन हेडं मी तिच्या तोंडावर परत केली.

भिंत आतून बरोबर आहे, आरशासारखी आहे, मी लिहिलं होतं ना? पण ती मागून किती जाड आहे, हे मोजायचं साधन इथे कोणाकडे नाही. खरादवाल्याने बोटाने वाजवून पाहिली आणि खांदे उडवले. "काका, चालतंय ना? मग चालवा."

कळायचा मार्ग एकच आहे, आणि त्यानंतर गाडीला इंजिन राहणार नाही. तिथे काही सापडलं नाही, तर माझ्याकडे तुला द्यायला गाडी नसेल आणि सांगायला कारणही नसेल. एका म्हाताऱ्याने पोरीला गाडी द्यायची नाही म्हणून घणाने इंजिन फोडलं, एवढंच उरेल. तू तसं मानलंस तर मी भांडणार नाही.

तरी फोडतो. घाटाचा रस्ता मी पाहिलेला आहे, आणि तू छोटीला शेजारी बसवणार.

— बाबा


२३ एप्रिल

ठिणगी,

घण मला उचलवत नव्हता. स्पेअरवाला आला, मी बोलावलं नव्हतं. शिंपीण मशीन बंद करून दारात येऊन उभी राहिली. कोणी विचारलं नाही का फोडताय म्हणून.

बीड एकदम तुटतं, तुला माहीत आहे. तिसऱ्या सिलिंडरची बाहेरची बाजू एका तुकड्यात निघाली, वाटीसारखी. मी ती उचलली आणि कडा बघितली. एका बाजूला भिंत माझ्या करंगळीएवढी जाड. दुसऱ्या बाजूला वहीच्या पुठ्ठ्याएवढी. कारखान्यात ओततानाच आतला साचा सरकला होता. त्यावर मी बोअर करताना आतून आणखी छिललं, मोजलं आतून, आणि आरसा केला. गावातल्या गावात ती वर्षभर चालली असती. चढावर, भरल्या ओझ्याने, पहिल्याच उन्हाळ्यात ती भिंत फुटली असती, सिलिंडरमध्ये पाणी भरलं असतं आणि चाकं जागेवर जखडली असती. घाटात कुठल्या वळणावर, ते मी मनात बघितलं आणि मग बघणं थांबवलं.

स्पेअरवाला म्हणाला, "वाचली पोरगी." मग म्हणाला, "काका, हे काय?"

तुकड्याची पाण्याची बाजू. ती बाजू ब्लॉक ओतल्यापासून बंद असते, ठिणगी. तिथे हात जात नाही, बोट जात नाही, पेन्सिल तर नाहीच. सगळीकडे गंजाची जाड साय होती, इतक्या वर्षांच्या पाण्याची. फक्त जिथे भिंत पुठ्ठ्याएवढी होती तिथे अंगठ्याने पुसल्यासारखी स्वच्छ जागा, रुपयाएवढी. त्या जागेवर तीन रेघा होत्या.

शिंपिणीने डोक्यावरून पदर घेतला.

तुकडा बाकावर ठेवला आहे. टपालाने पाठवणार होतो, मग वाटलं रेघा पुसतील, आणि पुसलेल्या रेघांवर तू काय म्हणून विश्वास ठेवशील. रेघा अखंड आहेत, न कापलेल्या. मी त्यावर काही टेकवून फिरवलेलं नाही.

तुझ्याकडून काही आलेलं नाही. येणार नाही असं धरून चाललो आहे.

— बाबा


४ मे

ठिणगी,

तुझं कार्ड आज सकाळी आलं. टपालवाला दारात असतानाच वाचलं, तो म्हणाला, काका बसून वाचा.

"गाडी राहू दे. छोटीची शाळा सुटली की आम्ही दोघी येतो. खालचं-वरचं दोन्ही मी बघेन. हेड ठेवा, त्याला ब्लॉक शोधू."

ये. हेड चांगलंच आहे, त्याच्याकडून काही चुकलं नव्हतं. स्पेअरवाल्याला जुन्या ब्लॉकचं सांगून ठेवलं आहे. तो म्हणतो, या वेळी भिंत मागून मोजणारं यंत्र ज्याच्याकडे असेल त्याच्याकडूनच घेऊ, चार पैसे जास्त गेले तरी. मी म्हटलं, मुलगी ठरवेल. छोटीला भीती वाटेल असं इथे काही नाही, असं लिहावंसं वाटतं, पण तू विचारलंस तर खरं सांगावं लागेल, म्हणून लिहीत नाही. वाईट काही नाही, एवढं लिहितो.

कार्ड खिशात घालून शेडमध्ये गेलो. आलेलं टपाल तुझ्या आईला वाचून दाखवायची जुनी सवय. मी मोठ्याने वाचलं. मग बाकावरचा तुकडा उजेडात धरला.

तिन्ही रेघा कापल्या गेल्या आहेत. प्रत्येकीच्या मधोमध एक बारीक, स्वच्छ फट, एका ओळीत, जणू तिथे काहीतरी टेकलं, किंचित फिरलं आणि नीट बसलं.

खुंटीकडे बघितलं. फडकं खाली पडलं होतं. काठी उचलली. वाळून तडकलेली ती रबरी वाटी मऊ होती आणि ओली होती.

मी ती पुसलेली नाही. काठी बाकावर ठेवली आहे, वाटी वर करून, आणि शेडचं दार उघडं आहे. आलीस की तूच खुंटीला लाव.

— बाबा